कपाळावरचं पाणी

इंडोनेशियातल्या सुंबा बेटावर उंबू रेताइतक्या थापा कोणी मारत नसे. बँकेचा हा म्हातारा कॅशियर सांगायचा, की त्याच्या घोड्याने एकदा समुद्रच पिऊन टाकला आणि तळाचे मासे वेचता वेचता गावाच्या कमरेचे काटे ढिले झाले. त्या शनिवारी बँकेची माणसं वाइलारा गावची शाळा रंगवायला आली होती. शिडीवरून बँकेतलीच तरुण रांबू कोंगा ओरडली, "रेताकाका, तोंड आवरा, ब्रश चालवा!"

"पोरी, तू जन्मायच्या आधी मी अख्खं इंद्रधनुष्य रंगवलंय."

हशा पिकला, तेवढ्यात गाडी आली. सात जण उतरले. त्यांनी शिडी लाथेने पाडली, कोंगाला केसांना धरून फरफटत नेलं आणि गाडीत फेकलं. सगळ्यांत पुढे रेताचा सख्खा भाचा, न्दामू.

तिथे नवरी पळवतात ती दोन तऱ्हांनी. एक दोन्ही घरांनी आधी ठरवलेली, लुटुपुटूची, दुसरी खरीखुरी. रेताला वाटलं, ठरलेलीच असणार. त्याने टाळी वाजवली. वडीलधाऱ्याने वाजवली म्हणून सगळ्यांनी वाजवली. जावा बेटावरून बदली होऊन आलेले बँकेचे साहेब तर फोनवर चित्रण करू लागले.

"काका, काही ठरलेलं नाही! वाचवा!" कोंगा किंचाळली. कोणीतरी तिच्या तोंडावर ठोसा हाणला आणि गाडी निघाली.

मोटारसायकल घेऊन रेता भाच्याच्या घरी पोचला, तेव्हा तिथे ढोल वाजत होते. चौघांनी कोंगाला खांबाशी दाबून धरलं होतं. ओठ फाटलेला, दात घट्ट आवळलेले. त्या घरचा घोटभर चहा घेतला तरी होकार समजतात.

"आलास मामा!" न्दामूने पाण्याची वाटी पुढे केली. "तूच वडील. तिच्या कपाळावर शिंपड, म्हणजे गार पडेल. मग उंबरा ओलांडायची नाही."

रेताने वाटी घेतली. "कोंगा, राहायचंय इथे?"

"मेले तरी नाही."

रेताने वाटी न्दामूच्याच डोक्यावर उपडी केली. "तूच गार पड, भडव्या."

पहिला बांबू कानावर बसला, दुसरा गुडघ्यावर. तिसऱ्याने दोन दात पाडले. "आईच्या भावाने कुळाला काळं फासलं!" असं ओरडत न्दामू त्याला लाथा घालत होता. इतक्यात रेताच्या मागोमाग निघालेले, रंगाने माखलेले अकरा बँकवाले शिडी आडवी धरून आत घुसले. जन्मात डास न मारलेल्या कर्जविभागाच्या बाईंनी रंगाचा डबा न्दामूच्या जबड्यावर हाणला. रक्त आणि रंग एकत्र वाहिले. कोंगा त्यातून रांगत बाहेर आली.

चौकीत हवालदार पान चघळत म्हणाला, "अहो उंबू, ही तर आपली रीत. लिहायचं काय त्यात? आणि पाहिलंय कोणी?"

"मी," रेता बोबड्या तोंडाने म्हणाला. "आरोपी माझा भाचा आहे. लिही."

हवालदाराने सोबत आलेल्या बँकेच्या साहेबांकडे पाहिलं. सगळं चित्रण त्यांच्या खिशात होतं. साहेबांनी घसा खाकरला. "आम्ही समाजसेवेला आलो होतो हो. कोर्टकचेरी आपलं काम नव्हे."

कोंगाने फाटलेल्या ओठावरचं रक्त पुसलं आणि बाक त्यांच्यापुढे ओढला.

"बसा साहेब. सेवा आत्ता सुरू होतेय."