एक हाड उंद्रीच्या कापसात

होळीच्या सुट्टीत संजीवनी उंद्रीला आली, तेव्हा तिच्या आईला, अन्नपूर्णाबाईंना, तीन फायदे दिसत होते. मेडिकलला शिकणारी लेक घरादाराला सुटलेल्या खाजेवर औषध सांगणार होती. शेजारच्या रुखमाबाईंसमोर मान जरा उंच होणार होती. आणि लेक चार महिन्यांनी चार दिवस त्यांच्या हातची भाकर खाणार होती. बाई हिशेबाच्या पक्क्या. फक्त लेकीसोबतच्या पेटीत काय आहे, एवढं विचारायचं राहून गेलं.

मित्रांनो, ती पेटी म्हणजे मी. मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. मलकापूरच्या रहेमतुल्ला पत्रेवाल्याने मला स्वतःच्या लग्नात, बायकोसाठी, बानोसाठी घडवलं. गिऱ्हाइकाची पेटी तो ठोकून मोकळा व्हायचा. माझ्या कडा मात्र त्याने तीनदा घासल्या, बानोचं बोट कापू नये म्हणून. वीस वर्षं माझ्यात तिच्या लग्नाचे कपडे आणि अत्तराची एक कुपी होती. मग तिची मुलगी कौसर मेडिकलला लागली. बानोने कपडे काढून गाठोड्यात बांधले, रिकाम्या पेटीत एकदा डोकं घालून वास घेतला आणि म्हणाली, "ले जा बेटा. कपड्यांले गठरी बी चालते."

त्यानंतर माझ्यात माणसाची हाडं आली.

मेडिकलच्या पहिल्या वर्षात काय असतं, असं तुम्ही विचाराल. रोगी नसतो, औषध नसतं. औषधी पाण्यात मुरवलेला एक देह असतो आणि त्याच्याभोवती उभी राहिलेली, बारावीत आपापल्या गावात पहिली आलेली मुलं असतात. सगळ्यांचे डोळे पाणावतात. ते त्या उग्र वासाने की घराच्या आठवणीने, याची चौकशी कुणी करत नाही. पुस्तकं इंग्रजी, रडणं मराठी. परीक्षेत सर हातावर एक हाड ठेवतात आणि विचारतात, "उजवं की डावं?"

त्यासाठी खोलीवर हाडांचा संच लागतो. आमच्या कॉलेजात तो विकत नसत. वरच्या वर्गातल्याने आपल्या जिल्ह्यातल्या नव्या मुलाला तो द्यायचा, मोजून द्यायचा, मोजून घ्यायचा. नावं झाकणाच्या आत लिहायची. कौसरने मला संजीवनीच्या हवाली केलं तेव्हा बजावलं, "अर्ध्याच माणसाची हाडं आहेत, पण आहेत तेवढी पुढे गेली पाहिजेत. एक जरी कमी झालं ना, तर तुझ्या अंगातून काढून घेईन."

दोघी खूप हसल्या. मीही खडखडले.

सुट्टीनंतर लगेच हाडांचीच तोंडी परीक्षा होती, म्हणून संजीवनीने मला उंद्रीला नेलं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अळी लागणार नाही म्हणून बीटीचं बियाणं घेतलं, त्यालाही बोंडअळी लागली. तिच्या तोंडून वाचलेला कापूस, भाव चढेल म्हणून, संजीवनीचे वडील मोतीराम दिवाळीपासून घरात भरून बसले होते. भाव चढला नाही, कापसातल्या किड्यांनी खाज मात्र चढवली. घरातलं प्रत्येक माणूस बोलता बोलता कोपर खाजवी.

रुखमाबाई लगोलग आल्या. "डॉक्टरीणबाई, खाजेवर काय लावू वं?"

"मावशी, मी अजून हाडंच शिकून राह्यली."

"अन् कातडीचा नंबर कधी लागते? तवरीक आमी सोलून निघू ना बाई!"

पहिला फायदा गेला. दुसराही त्याच्यासोबत गेला. तेवढ्यात अन्नपूर्णाबाईंनी माझं झाकण उघडलं.

"माय वं! माणसाचे हाडं? देवघर हाय समोर, काऊन आणले घरात?"

"आई, अभ्यास आहे. नापास होऊ का?"

नापास हा शब्द देवाहून मोठा ठरला. मला कापसाच्या खोलीत जागा मिळाली. बारकी हाडं वाजत होती, म्हणून संजीवनीने ढिगातला कापूस माझ्यात पसरून त्या गादीवर ती मांडली. मनगटाची आठ. त्यातलं सगळ्यात धाकटं वाटाण्याएवढं, सरकीच्या बियांत टाकलं तर ओळखू न येणारं.

निघायच्या दिवशी आईने लेकीची बोटं पाहिली. खाजवून लाल झाली होती. लेक आंघोळीला गेली तशी त्यांनी, मला हात न लावायची शपथ मोडून, माझ्यातला किडका कापूस उपसून ढिगावर टाकला आणि उन्हात वाळवलेला दुसरा, हाताने पिंजून, आत घातला. दुपारी कंटाळलेल्या मोतीरामांनी गाडी बोलावली आणि अख्खा ढीग मलकापूरच्या जिनिंगला, सरकी काढायला, गेला.

हॉस्टेलवर संजीवनीने हाडं मोजली. मनगटाची सात भरली.

आधी तिने लबाडी केली, हे मी लपवणार नाही. खडूचा तुकडा घासून वाटाण्याएवढा गोल केला आणि आठवं म्हणून ठेवून दिला. मोजदाद जमली. मग माझ्यावर बसून तिने आईला फोन लावला.

"आई, पेटीतला कापूस तू बदलला?"

"हाव. तुहे हात खाजत होते ना."

"त्यात एक हाड गेलं."

"कोनतं?"

"करंगळीच्या अंगाला, तळहात संपते तिथं दाबून पाह्य. टणक लागते?"

फोनमधून बांगड्या किणकिणल्या.

"हाव, लागते. भाकर थापताना इथंच तं जोर येते." मग फार हळू, "त्याचं नाव काय होतं वं, संजे?"

"कोणाचं?"

"ज्याचं हाड होतं त्याचं. मायनं ठेवलं असंल ना काही नाव."

पहिल्या वर्षात हजार नावं पाठ करावी लागतात. हे नाव आजवर कुणी विचारलं नव्हतं. संजीवनीने खडूचा तुकडा खिडकीबाहेर फेकला, मला उचललं आणि सरळ कौसरच्या खोलीत नेलं. कौसरने सगळं ऐकलं, तिचं मनगट धरलं, करंगळीखाली अंगठा दाबला. "काढू?" ती म्हणाली. मग हात सोडायच्या ऐवजी तसाच धरून बसली.

झाकणात कौसरच्या नावाच्या वर थोडी जागा होती. संजीवनीने तिथे एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर काहीच लिहिलं नाही. सगळ्यात खाली लिहिलं, "मनगटाची सात. आठवं उंद्रीच्या कापसात."

आता मुलं मोबाईलवर हाडं फिरवून पाहतात. मी पलंगाखाली असते. अजून ओल धरली की बानोचं अत्तर दरवळतं, आणि मलकापूरची ती घासणारी बोटं आठवतात. मित्रांनो, कधी मला उघडलंत, तर हाडं मोजण्याआधी ती कोरी रेघ बघा, एवढंच मागणं.

बाकी कुणी काय दिलं, ते मांडून ठेवते. बानोने लग्नाची पेटी दिली. मोतीरामांनी चढ्या भावाची आशा दिली. अन्नपूर्णाबाईंना तिसरा फायदा तेवढा मिळाला, चार दिवस. त्यानंतर भाकर थापताना त्यांचा हात मध्येच थांबतो, असं संजीवनी सांगते. आणि ज्याने सगळ्यात जास्त दिलं, त्याने पावती मागितली नाही. त्याची ओळ कोरी आहे.