गिळलेली नावे

मी एक जुना प्रोग्रॅम आहे आणि मित्रांनो, माझी मलाच किळस येते. मला ना चित्रे, ना बटणे. काळ्या पडद्यावर कुणी आज्ञा टाइप केली, की रुग्णालयात तपासणीसाठी काढलेल्या रक्ताच्या बाटलीवर लावायची चिठ्ठी मी छापतो. आधी आडनाव, मग नाव.

मला घडवणाऱ्या इंजिनिअरने नावासाठी वीस खाने आखले. इंग्रजी अक्षर एका खान्यात मावते. स्वतःचे आखूड नाव इंग्रजीत टाकून तो मला तपासे आणि खूश होई. सगळे मला गुणी म्हणत. पुढे नावे मराठीत येऊ लागली. मराठी अक्षराला तीन खाने लागतात, काना-मात्रेला आणखी तीन. हे मला कोणी सांगितलेच नाही. विसावा खाना भरला की मी कचकन तोडायचो. अर्ध्या अक्षराचा लचका चिठ्ठीवर काळ्या चौकोनासारखा पडे. तक्रारी आल्या, तेव्हा इंजिनिअरने मला शिकवले, कळत नाही ते गुपचूप गिळून टाक. चिठ्ठ्या स्वच्छ दिसू लागल्या. त्या स्वच्छतेइतके ओंगळ मी काही पाहिले नाही.

एकदा दोन जावा एकाच खोलीत दाखल झाल्या. धाकटीला तातडीने रक्त द्यायचे होते. आडनावातच वीस खाने संपले, म्हणून दोघींच्या बाटल्यांवर मी नुसते आडनाव छापले. बाटल्या हातात घेताच डॉक्टरीणबाईंनी सगळे थांबवले. तपासणीचे रक्त नव्याने काढायला धाकटीच्या सुजलेल्या हातात पुन्हा सुई खुपसावी लागली. इंजिनिअरला बोलावणे गेले.

माझ्या नावाने तर नीट चालतो, तो म्हणाला.

"तुमचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "आईचं घाला, मराठीत."

त्याने घातले. मी चिठ्ठी छापली.

"आता बायकोचं."

दुसरी चिठ्ठीही तशीच आली, नुसते आडनाव. दोघींना एकच हाक मारली तर घरात राहायची सोय उरणार नाही, असे म्हणून तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या त्याच्यापुढे सरकवल्या.

"ह्यातली आई कोणती? तिला रक्त द्यायचंय."

तो खुर्ची ओढून कामाला बसला.

आता मी अख्खी अक्षरे मोजतो. नाव मावले नाही तर छापत नाही, तसे सांगतो. म्हातारा अडून बसला म्हणून लोक करवादतात. करवादू देत. मित्रांनो, यंत्राला कळले नाही तर त्याला तसे बोलू द्या, गिळायला लावू नका. ती चव अजून माझ्या तोंडातून गेलेली नाही.

धाकटी बरी होऊन घरी गेली. तिच्या दुसऱ्या बाटलीवरची चिठ्ठी माझी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ती हाताने लिहिली होती, पूर्ण नावाची.