तर्जनीतला वाट चुकलेला तंतू

मित्रांनो, मी एक जुना मज्जातंतू आहे. निदान मला तसं वाटतं. कारण माझा मागचा भाग बेचाळीस वर्षांचा आहे आणि पुढचा जेमतेम वर्षाचा. माझं मूळ मानेजवळ, पाठीच्या कण्याच्या कडेला आहे आणि टोक एका बाईच्या उजव्या तर्जनीत. तर्जनीत नेमकं कुठे, त्याचाच सगळा घोळ आहे.

ही बाई आईच्या पोटात होती तेव्हा मी वाढू लागलो. कुठे जायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. पुढे तिच्या इवल्याशा हाताची त्वचा तयार होत होती आणि त्या त्वचेतून एक द्रव्य झिरपत होतं. डॉक्टर त्याला वाढीचा घटक म्हणतात. मला एवढंच कळायचं, की तिकडे सरकलं की जिवाला बरं वाटतं. आम्ही भावंडं ढीगभर निघालो होतो. द्रव्य मात्र सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतं. ज्यांना मिळालं नाही ते वाळून गेले. मी काही त्यांच्याहून शहाणा नव्हतो. मग मीच का वाचलो? अजून उलगडलेलं नाही. पुढे काय काम करायचं, त्यातही त्वचेचाच हात होता. तिच्या घटकांनी शेजारच्याला वेदना कळवणारा बनवलं आणि मला हलका दाब ओळखणारा. मला कुणी विचारलं नाही.

काम मात्र छान मिळालं. बाई रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढते. सगळे तिला ताई म्हणतात. एखाद्याची शीर सापडेना, की बाकीचे हात टेकायचे आणि ताईला हाक मारायचे. ती त्या माणसाच्या कोपराच्या आतल्या बाजूला तर्जनी ठेवायची आणि डोळे मिटायची. कातडीखालची शीर दाबली की किंचित उसळते. ते मी वर कळवायचो. ताईंनी सुई टोचली की कळतही नाही, असं लोक म्हणायचे. त्या कौतुकात माझाही वाटा आहे, असं मी मनाशी धरून चालायचो.

गेल्या वर्षी एका सकाळी काचेचा ग्लास धुताना तिच्या हातात फुटला. काच तर्जनीच्या बुडाशी खोल गेली आणि मी तुटलो. सर्जनने सूक्ष्मदर्शकाखाली आमच्या जुडीवरचं आवरण शिवलं, पण माझा पुढचा तुकडा विरून गेला.

बोट जागेवर होतं, तरी ताईला ते परक्या कुणाचं वाटायचं. तिची धाकटी नणंद तिच्याकडेच राहते. पार्लर चालवते, जिभेने तिखट आहे. एकदा तिनेच ताईचा हात खसकन मागे ओढला. बोट गरम पातेल्याला टेकलं होतं, आणि ताई खुशाल गप्पा मारत उभी होती. फोड आलेला पाहून ताई हादरली.

"या बोटाने मी आता कुणाच्या बाळाला सुई कशी लावू?" ती म्हणाली.

नणंद फोडावर मलम लावत राहिली.

इकडे मी पुन्हा निघालो होतो. दिवसाला फार तर एक मिलिमीटर. त्वचेने तेच द्रव्य पुन्हा सोडलं होतं. पण तिच्याकडे जाणाऱ्या, विरून गेलेल्या तंतूंच्या रिकाम्या नळ्या अनेक, आणि टाक्यापाशी त्या जराशा सरकलेल्या. समोर आली तीत मी शिरलो. तीन-चार महिन्यांनी त्वचेला भिडलो आणि आनंदाने पहिला निरोप धाडला.

बोटांचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी एक सराव सांगितला होता. ताईने डोळे मिटायचे, नणंदेने पेन्सिलीचं बोथट टोक टेकवायचं आणि कुठे लागलं ते विचारायचं.

"शेंड्यावर," ताई म्हणाली.

"अगं वहिनी, मी कडेला टेकवलीय."

मी चक्रावलो. माझी जुनी जागा शेंड्यावर होती, आणि मेंदूला तीच ठाऊक होती. आता मी पोचलो होतो कडेला. मी खरं तेच कळवत होतो, मेंदू चाळीस वर्षांच्या सवयीने वाचत होता, आणि तरी ताई चुकत होती. मग खोटं कोण बोलत होतं?

असे कितीतरी आठवडे गेले. एकदा ताईने पेन्सिल भिरकावून दिली. "राहू दे. मी रिपोर्टच्या खिडकीवर बसेन."

नणंदेने ती उचलून आणली. "बस खुशाल. आधी सांग, आता कुठे लागलं?"

हळूहळू उत्तरं जुळू लागली. मग एके दिवशी नणंद लॅबमध्ये जाऊन खुर्चीत बसली, बाही वर केली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. सुईचं नाव काढलं तरी तिला घाम फुटतो. ताईने तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला तर्जनी ठेवली. मी निरोप धाडला. योग्य की अयोग्य, मला माहीत नव्हतं. ताई थांबली. बोट केसभर डावीकडे सरकवलं. पुन्हा दाबलं.

भिंतीकडे बघतच नणंद म्हणाली, "टोचणार कधी आहेस?"

"झालं," ताई म्हणाली. नळीत रक्त चढत होतं.

मित्रांनो, मी आजही कडेलाच आहे. शिकलं कोण, मी की मेंदू की ताई, ते मला सांगता येत नाही. पण तुमच्यापैकी कुणाचं बोट असं बधिर झालं, तर त्याला चटक्यापासून सांभाळा आणि तरीही नुसतं बसवून ठेवू नका. लोकर, बटण, खडबडीत कागद, रोज काहीतरी त्याला चाचपू द्या. ते चुकीचं सांगू लागलं तर रागावू नका. आम्ही मिळेल त्या वाटेने आलेलो असतो; कुठे पोचलो, ते आम्हाला तुमच्याकडूनच कळतं.