नाही म्हणायची तालीम

“बाबा, आता पुरे झालं. शनिवारी तुम्ही आमच्याकडे यायचं म्हणजे यायचं,” मी दरडावलं आणि टेबलावर मूठ आपटली. मूठ आपटायला आत्यानं सांगितलं नव्हतं. ती भर माझी.

समोरच्या खुर्चीतले आजोबा, वय वर्षं एकोणऐंशी, गृहपाठ विसरलेल्या मुलासारखे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बघू.”

आत्यानं पेन खाली ठेवलं. ती कपाळाला हात लावत नाही, तिच्या कामात ते बसत नाही. ती पेन खाली ठेवते.

“बघू नाही हो, नाही म्हणायचंय,” दाराबाहेरच्या बाकावरून हेडमास्तर म्हणाले. त्यांच्या शेजारच्या नर्सबाईंनी त्यांना गप्प केलं, आणि मग स्वतःच, “पाठ ताठ करा आणि म्हणा,” असा सल्ला आत पाठवला.

माझी आत्या समुपदेशक आहे. वयस्कर माणसं तिच्याकडे येऊन बोलतात आणि ती ऐकते. वर्गातल्या मुलींना वाटतं, ऐकायचा कसला आलाय पगार. मी त्यांना म्हटलं, कुणाच्याही गुडघ्याची कहाणी चाळीस मिनिटं ऐकून दाखवा, आणि मध्ये एकदाही “अगं, माझाही दुखतो” म्हणू नका. एकीलाही जमलं नाही. आत्याला बावीस वर्षं जमतंय. त्याची भरपाई ती घरी करते. संध्याकाळी दारात चपला काढता काढता जी बोलायला लागते ती ताट धुऊन पालथं पडेपर्यंत. बाबा म्हणतात, हिच्यासाठीही एखादा समुपदेशक ठेवायला हवा, पण त्याला जेवायला सुट्टी द्यावी लागेल.

शाळा सुटल्यावर मी तिच्याकडेच जाते, कारण आई-बाबा उशिरा येतात. ज्येष्ठांच्या केंद्रातली तळमजल्यावरची तीन नंबरची खोली. दोन खुर्च्या, एक टेबल, आणि मधूनमधून कुरकुरणारा पंखा. दारावर पाटी आहे: ‘इथे बोललेलं इथेच राहतं.’ पण दार फुगलंय, ते पुरतं लागत नाही, आणि येणाऱ्यांपैकी निम्म्यांना कमी ऐकू येतं. आत्यानं एकदा एका काकूंना अगदी हळुवार विचारलं, झोप लागते का. त्यांना ऐकू येईना म्हणून आवाज चढवत नेला, तर पाचव्या खेपेला बाहेरच्या बाकावरच्या तिघांनी उत्तर दिलं. दोघांना लागत नव्हती. भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्याकडे बाकाला आहेत. हेडमास्तर आणि नर्सबाई दोघंही कधीचे निवृत्त. त्यांची वेळ पाचची असते आणि ते तीनला येऊन बसतात.

माझ्या समोरच्या खुर्चीतले हे मशीनवाले आजोबा मात्र बरोबर चारला येत. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मशीन चालवलं. त्या मशीननं त्यांचे कान नेले, आणि आता कानात बसवलंय तेही मशीनच. ते फक्त मोठ्या प्रसंगाला लावायचं, एरवी खिशात, उगाच झिजायला नको. मी त्यांना मनातल्या मनात बघूआजोबा म्हणायचे. जन्मभर त्यांनी कुणाला नाही म्हटलेलं नाही. फोरमन विचारायचा, आज जास्त वेळ थांबता का? बघू, असं म्हणून हे पहाटेपर्यंत थांबायचे. लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हाही बघू म्हणाले होते, आणि घरी पोचेपर्यंत तारीख ठरली होती. ते लग्न पन्नास वर्षं छान चाललं, म्हणजे तो बघू काही वाया गेला नाही. आजी जाऊन दोन वर्षं झाली.

आताचा बघू मात्र अंगाशी आला होता. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात राहतो. गेल्या महिन्यात त्यानं फोनवर विचारलं, बाबा, आता इकडेच या ना कायमचे? यांनी अर्धवट ऐकून सवयीनं बघू म्हटलं. मुलगा बिचारा खूश झाला. त्यानं घरात एक खोली रंगवून घेतली आणि यांच्या भाड्याच्या जागेच्या मालकाला कळवून टाकलं की शनिवारी जागा रिकामी होईल. बेत बदलायला मालकानं शनिवारपर्यंत मुदत दिली होती, पुढे नाही. एकदा किल्ली दिली की ती जागा गेली. आणि आजोबांना जायचं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या सोडून त्यांना कुठंच जायचं नव्हतं.

मग मुलाला तसं सांगा की, असं आत्या म्हणाली नाही. तिनं विचारलं, सांगायला गेलात की काय होतं? आजोबा म्हणाले, “तो प्रेमानं बोलतो हो मॅडम. शिव्या दिल्या असत्या तर जमलं असतं.”

म्हणून तालीम. आधी आत्याच मुलगा झाली, पण बाईमाणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं, असं आजोबांचं झालं. हेडमास्तरांना विचारावं तर ते मुलगा होऊन शुद्धलेखनाच्या चुका काढतील. आणि मी नुकताच शाळेच्या नाटकात फौजदार केला होता. पहिल्यांदाच. त्याआधी मी वर्गात हजेरी देतानासुद्धा पुटपुटायचे, आणि आता शेवटच्या रांगेतल्या पालकांनी विचारलं होतं की हा मुलगा कोण. आत्यानं आजोबांची परवानगी घेतली, कागदावर त्यांची सही घेतली, आणि मला ताकीद दिली की इथलं बाहेर बोलायचं नाही. मी म्हटलं, मी नाही बोलणार, पण बाकाचं काय?

तीन दिवस तालीम चालली. मी रागावून बघितलं, रडून बघितलं, नातवंडांच्या शपथा घालून बघितल्या. पहिल्या दिवशी सगळे बघूच. दुसऱ्या दिवशी एक “नाही, म्हणजे बघू.” नर्सबाई बाहेरून म्हणाल्या, लक्षण चांगलं आहे, ताप उतरतोय. आणि गुरुवारी, मी चौथ्यांदा मूठ आपटल्यावर, आजोबा खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, “नाही.”

इतकं स्वच्छ नाही मी आमच्या मुख्याध्यापकांकडूनही ऐकलेलं नाही. बाकानं टाळ्या वाजवल्या. आजोबांनी आणखी सात-आठ वेळा म्हणून घेतलं. मी काही बोलायच्या आत म्हणत होते. जाताना जिन्यापाशी शिपायानं चहा घेता का विचारलं, त्यालाही म्हणाले.

शनिवारी सकाळी मुलगा केंद्रात आला. त्यानं सोबत दोन मोठ्या रिकाम्या बॅगा आणल्या होत्या. मला वाटलं होतं माझ्यासारखा कुणीतरी असेल, मूठ आपटणारा. हा तर मध्यमवयीन, टक्कल पडायला लागलेला, बॅगा कुठं ठेवू असं दोनदा विचारणारा माणूस. आजोबांनी आत्याला ‘हिला राहू द्या’ म्हटलं, म्हणून मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. दार नेहमीप्रमाणे लागलं नाही. शनिवारी केंद्रात कुणाचीच वेळ नसते, तरी बाक भरलेला होता.

आत्यानं मुलाला आदल्या दिवशी फोन केला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती त्याला म्हणाली होती, तुमचं म्हणणं सांगू नका, त्यांना काय हवंय ते विचारा. सल्ला चांगलाच होता. आत्याचे सल्ले चांगलेच असतात.

मुलगा खुर्ची ओढून बापाच्या समोर बसला, घसा साफ केला आणि मऊ आवाजात विचारलं, “बाबा, तुम्हाला इथंच राहायचंय का?”

आजोबांनी पाठ ताठ केली.

“नाही.”

बाहेर टाळी पडली. एकच, हेडमास्तरांची. नर्सबाईंनी त्यांचा हात धरला असावा, कारण दुसरी पडलीच नाही.

मुलाच्या खांद्यावरून जणू पोतं उतरलं. तो म्हणाला, मी उगाच घाबरत होतो, मला वाटलं तुम्ही मनाविरुद्ध येताय. मग विचारलं, सामान बांधायचं राहिलंय का?

“नाही.”

“सगळं बांधून ठेवलंत? आणि जागा सोडताना वाईट नाही ना वाटणार?”

“नाही,” आजोबा म्हणाले. चेहऱ्यावर परीक्षेत पहिलं आल्यासारखा आनंद. दर नाहीनंतर ते माझ्याकडे चोरून बघत होते, शाबासकीसाठी. आणि तेव्हा मला त्यांचा कान दिसला. त्यात मशीन नव्हतं. नंतर त्यांनी सांगितलं, मुद्दामच काढलं होतं. पोराचा आवाज ऐकला की मी विरघळतो, म्हणून ऐकायचंच नाही, ओठ हलायचे थांबले की म्हणायचं.

मुलगा मालकाला फोन लावायला उठला. किल्ली दुपारी देतो म्हणणार होता. मी स्टुलावरून उठले. तोंड उघडलंसुद्धा. आत्यानं माझ्याकडे न बघता नुसता हात आडवा केला. तिचा एक नियम आहे, दुसऱ्याच्या तोंडचं उत्तर आपण द्यायचं नाही, जीव गेला तरी. मला त्या क्षणी तो नियम, ती खोली आणि आत्या, सगळ्यांचाच राग आला. आजोबांचं घर चाललंय आणि ही नियम पाळतेय.

आत्या मुलाला म्हणाली, एक मिनिट बसा. मग तिनं कोरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहायला लागली. पहिला प्रश्न, त्याखाली ‘नाही’. दुसरा, त्याखाली ‘नाही’. तिसरा. कागद तिनं आजोबांसमोर सरकवला.

चाळीस वर्षं छापील कागद बघितलेला माणूस. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच राहिलं. मग खिसा चाचपला, मशीन काढलं, कानात बसवलं. ते बारीक शिट्टी मारून गप्प झालं.

“तू विचारलंस?” ते मुलाला म्हणाले. “मला वाटलं तू सांगतोयस.”

“विचारलं बाबा. इथंच राहायचंय का तुम्हाला?”

आता त्यांना आवाज ऐकू येत होता, आणि आवाज अगदीच मऊ होता. मूठ नाही, दम नाही. आमची सगळी तालीम मुसळ केरात. आजोबांचे ओठ एकमेकांवर टेकले, तो ब होता. मला दिसला, आत्यालाही दिसला. पंखासुद्धा कुरकुरायचा थांबला.

“तुझ्याकडे मी पाहुणा असतो रे,” ते म्हणाले. “सूनबाई हातात चहा देते, पोरं खुर्ची देतात. पाहुण्याला कुणी काम सांगत नाही. इथं नळ गळला तर मलाच उठावं लागतं.” ते थांबले. “मला उठायचंय. मी येत नाही.”

मुलानं विचारलं, पडलात तर? ते म्हणाले, पडलो तर ने. आत्ता उभा आहे.

पुढचं ठरायला दहा मिनिटं लागली. मुलानं मालकाला फोन करून जागा राहते म्हणून सांगितलं, आणि रोज चार वाजता बाबांना फोन करणार म्हणाला. आजोबा लगेच हो म्हणाले, बघू न म्हणता. बाहेर पडल्यावर हेडमास्तर मुलाला सांगत होते की काळजी नको, आम्ही आहोत, आम्ही काही ऐकलेलं नाही.

घरी जाताना आत्या गप्प होती. घरी पोचल्यावरही. बाबांनी मला खुणेनं विचारलं, बरं आहे ना? भांडी घासता घासता शेवटी ती म्हणाली, “चूक माझी होती. एकाला विचारायला शिकवलं, एकाला नाही म्हणायला. प्रश्न कुठला असेल ते बघितलंच नाही.” मी म्हटलं, पण निभावलं की. ती म्हणाली, “त्यांनी निभावलं.” आणि मला पातेलं पुसायला दिलं.

बुधवारी आजोबा चारला पाच मिनिटं कमी असताना आले. काम काही नाही, सहज, म्हणाले. खुर्चीत बसले आणि फोन काढून टेबलावर ठेवला. चार वाजता तो टेबलावर थरथरत फिरायला लागला. त्यांनी कानातलं मशीन काढलं, कारण फोन जवळ नेला की ते शिट्ट्या मारतं, आणि फोन त्या कानाला लावला.

मग ते ऐकत बसले. मान हलवली. एकदा हसले. मध्ये एकदा त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला, हात अवघडला म्हणून, आणि पुन्हा त्याच कानाला लावला. आत्या पेन खाली ठेवून बसली होती. चांगली सहा-सात मिनिटं झाली. फोनवरचा दिवा विझला तसा त्यांनी तो रुमालानं पुसला.

“काय म्हणाले?” मी मोठ्यानं विचारलं.

“काय माहीत,” आजोबा म्हणाले. “मशीन काढल्यावर मला कुठं ऐकू येतंय. पण बोलत होता. बराच वेळ बोलत होता.”

फोन त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.