माझ्यापाशीच थांबलेली पत्रे

मित्रांनो, परळच्या एका कचेरीत टेबलाखाली घुरघुरणारा जुना संगणक तो मीच. अकरा वर्षांपूर्वी सुटे भाग जोडून मला तयार केले. तेव्हा माझी जागा अगदी दर्शनी होती. कचेरीचे मालक तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला माझे कौतुक सांगत. पुढे नवी यंत्रे आली आणि मी कोपऱ्यात गेलो. दोन वर्षे मला कोणी सुरूही केले नाही.

मग नूपुर कामाला लागली. ती एका रक्ततपासणी लॅबची वेबसाइट बनवते. लोकांना दिसणाऱ्या खऱ्या सर्व्हरवर चढवण्याआधी प्रत्येक बदल करून पाहायला तिने मला निवडले. मला फार बरे वाटले. पण माझ्याच हातून घात झाला. ईमेल जाते का हे पाहायला तिने यादीतल्या पहिल्या पत्त्यावर एक नमुना पाठवला : 'अहवालात दोष आहे. ताबडतोब डॉक्टरांना भेटा.' माझ्याकडच्या यादीत खऱ्या रुग्णांचे पत्ते होते. ते पत्र अँटॉप हिलच्या शेवंतीबाईंना पोचले.

दुसऱ्या दिवशी लॅबकडून नंबर घेऊन त्यांनी फोन केला. "गो बाय, माका काय झालाहा ता खरा सांग."

"काही झालेलं नाही, काकू. पत्र चुकून गेलं. चूक माझी आहे," नूपुर म्हणाली.

तिने झाला प्रकार सांगितल्यावर तिचा वरिष्ठ शंतनु म्हणाला, "आता बाहेरचा रस्ताच बंद कर. या मशीनमधून पत्र बाहेर पडता कामा नये."

नूपुरने यादीत खोटे पत्ते भरले. शिवाय माझ्यात एक छोटा प्रोग्रॅम बसवला. आता निघालेले प्रत्येक पत्र माझ्याच पेटीत पडे आणि तिला पडद्यावर वाचता येई.

गेल्या मंगळवारी दुपारी तोच नमुना घेऊन तिने 'सर्वांना पाठवा' दाबले आणि तिचा चेहरा उतरला. सकाळी लॅबची यादी नव्याने भरताना खरे पत्ते बदलायचे राहून गेले होते.

"शंतनु, सहाशे बारा लोक आहेत रे."

त्याने माझी पेटी उघडली. "सहाशे बारा पत्रं इथेच आहेत. बाहेर एकही नाही."

तिने स्वतः मोजून पाहिले. मग खुर्चीत मागे रेलून तिने मोठा श्वास सोडला. डोळे भरले होते, तरी ती हसत होती.

मित्रांनो, काम करणाऱ्याच्या हातून चुका होणारच. त्या कोणाच्या दारात जाण्याआधी अडतील, अशी एक जागा आधीच करून ठेवा. त्या दुपारी सहाशे बारा घरांतली माणसे निवांत जेवली. त्यांना काही कळलेही नाही.