नळीतली सावली

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बंदूकवाल्याला नीट दिसत नाही, ही बातमी गावभर झाली, तेव्हा लोकांना जास्त हळहळ वाटली ती त्याच्या मुलीची. "पोरगी अडकली बिचारी," वाणी तिच्या तोंडावरच बोलून गेला. मग जीभ चावून त्याने साबणाची वडी पुढे सरकवली.

अडकली तर होतीच. बाप ठासणीच्या रायफली बनवायचा. तोंडाकडून दारू भरायची, वर गोळी ठासायची, अशा जुन्या घडणीच्या. नेमबाजीचे शौकीन लांबून येऊन सांगून जायचे आणि वर्ष वर्ष वाट बघायचे. घरामागे एक लांबट खोली होती, तीच कारखाना. एका टोकाला भट्टी, मध्ये ऐरण, भिंतीला दस्त्यांसाठी वाळत ठेवलेल्या अक्रोडाच्या फळ्या आणि दुसऱ्या टोकाला एकच खिडकी. जवसाच्या तेलाचा वास तिच्या केसांत इतका मुरला होता की डोकं धुतलं तरी उशीला यायचा.

त्या कामात सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे नळी सरळ करणं. खिडकीच्या चौकटीत एक तार ताणलेली होती. नळी डोळ्याला लावून तारेकडे धरली, की आत तिची सावली पडायची. नळी सरळ असेल तर सावली सुतासारखी. कुठे केसभर वाक असला, तर तिथे मोडलेली. मग नळी शिशाच्या ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीचा बेताने ठोका द्यायचा. पुन्हा बघायचं, पुन्हा ठोका. एवढं झाल्यावर आतून वळणदार खाचा पाडायच्या. वाकड्या नळीत खाचा पाडल्या, की आधीची सगळी मेहनत पाण्यात.

बापाची नजर अधू होत गेली, तसं हे बघायचं काम मुलीकडे आलं. नेमकी तेव्हाच ती शहरात निघाली होती. शाळेपासूनची मैत्रीण तिथे शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यात होती, आणि तपासणी खात्यात हिच्यासाठी तिने शब्द टाकून ठेवला होता.

"ऑपरेशन होईपर्यंत थांब," बाप म्हणाला होता.

ती थांबली. ऑपरेशन थंडी म्हणून पुढे गेलं, उन्हाळा म्हणून पुढे गेलं, हातात काम आहे म्हणून पुढे गेलं. शेवटी झालं एकदाचं. डॉक्टरीणबाई खूश होत्या. बाप मात्र पट्टी निघाल्यावर डोळे चोळत म्हणाला, "धुकं आहे हो सगळं."

"कुणाकुणाला वेळ लागतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा दिवा मारून डोळा तपासला. त्यांना काही सापडलं नाही.

तेव्हापासून दिवसभर एकच हाक. "अगं, बघ जरा." ती कपडे वाळत घालत असली तरी, केस विंचरत असली तरी. शेजारणीशी दोन शब्द बोलायला उभी राहिली, की मागच्या दारातून आवाज आलाच. मैत्रिणीच्या लग्नाला गेली तर जेवण होताच परतली, कारण एक नळी अर्धवट होती. खोलीत शिरलं की दार आपोआप मागे लागायचं. त्याची बिजागरी ढिली होती, आणि ती नीट करायचं कुणालाच सुचत नव्हतं. मैत्रीण फोनवर विचारायची, "कधी येतेस?" ती म्हणायची, "बाबांना दिसायला लागलं की लगेच." पुढेपुढे मैत्रिणीने विचारणंच सोडलं.

एका दुपारी वीज गेली म्हणून पिठाची गिरणी बंद होती, आणि ती वाटेतूनच परत आली. मागचं दार किलकिलं होतं. बाप चापाची जोडणी करत बसला होता. त्याच्या बोटांतून स्क्रू निसटला. तिळाएवढा स्क्रू, खाली पत्रावळीसारखा पसरलेला लाकडाचा भुसा. ती मदतीला पाय उचलणार, तोच बाप खाली वाकला आणि चाचपडणं नाही, शोधणं नाही, सरळ दोन बोटांनी भुशातून स्क्रू उचलला. फुंकर मारली. जागेवर बसवला.

तिने मुद्दाम पिशवी आपटली. आत गेली, तर बाप कामाच्या बाकावर हात फिरवत हातोडी शोधत होता. हातोडी त्याच्या समोरच होती.

"इथे आहे," ती म्हणाली आणि तिने ती उचलून दिली.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. बोलली असती, तर तो म्हणाला असता, कधीकधी दिसतं गं, पुन्हा धुकं येतं. आणि ती पुन्हा तिथेच. राग तर होताच. पण बाप जेवताना ताटात भाजी कुठे आहे ते विचारायला लागला, तेव्हा तिला हसूही आलं. नाटकाला तोड नव्हती.

पुढची नळी आली. तिने ती खिडकीकडे धरली. पुढच्या अंगाला सावली स्पष्ट मोडलेली होती. तिने नळी खाली ठेवली आणि म्हणाली, "सरळ आहे. पाडा खाचा."

"एवढ्यात?"

"एवढ्यात. चांगली उतरली आहे." आणि ती पाणी भरायला बाहेर गेली.

परत आली तेव्हा नळी खाचांच्या बाकावर आवळलेली होती, पण बाप नुसताच उभा होता. त्याने नळीला हात लावला, काढला.

"पुन्हा एकदा बघतेस का?"

"बघितली ना. सुतासारखी आहे."

त्याने खाचा पाडायचा कातरीचा गज आत घातला आणि ओढला. कडकड आवाज झाला. "हाताला जड लागतंय," तो म्हणाला.

"तेल घाला."

त्याने तेल घातलं. आणखी एक ओढ दिली. कपाळावर घाम आला. ती कोपऱ्यात बसून कानशीने स्प्रिंग घासत राहिली. वर बघितलंच नाही. बापाने गज पुन्हा धरला, आणि त्याला तो ओढवेना. आयुष्यभर त्याने वाकडी नळी कुणाच्या हातात दिली नव्हती. शेवटी त्याने बाक सैल केला, नळी काढली, खिडकीशी गेला आणि तिच्यादेखत डोळ्याला लावली.

"तोंडापासून चार बोटांवर," तो म्हणाला. "खालच्या अंगाला वाक आहे."

कानशी थांबली. "कधीपासून दिसतंय?"

"पट्टी काढली तेव्हापासून."

"आणि मी रोज बघत होते, त्याचं काय?"

"तू उठून गेलीस की मी बघायचो." तो नळी हातात घेऊन तसाच उभा होता. "तुझं कधीच चुकलं नाही. आज चुकलं तेव्हा छातीत धस्स झालं. म्हटलं, माझं खोटं माझ्यावरच उलटलं आणि पोरीचे डोळे गेले की काय."

"डोळे ठीक आहेत. मी खोटं बोलले."

"बरं झालं," बाप म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याला कळलं, आणि तो ऐरणीवर बसला.

"म्हणजे माझं बघणं तुम्हाला लागतच नव्हतं," ती म्हणाली. "एक दिवसही नाही. नुसतं मला इथे बसवून ठेवलंत."

"खरं सांगितलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी बॅग भरली असतीस."

"दुसऱ्या दिवशी नाही. त्याच दिवशी."

"तेच तर." त्याला खोलीकडे हात करायचा होता, पण हातात नळी होती. "इथे मी एकटा काय करू? दिवसभर ठाकठूक ऐकायची. हाक मारायची तर कुणाला?"

तिला वाटलं होतं, तो पकडला गेला की आपल्या पायातली बेडी गळून पडेल. तसं झालं नाही. बाप ऐरणीवर बसलेला, म्हातारा, पण डोळे चांगले धडधाकट. आणि ती त्याच खोलीत, त्याच दाराआड. ती उठून अंगणात आली आणि मैत्रिणीला फोन लावला.

"अगं, ती जागा कधीच भरली," मैत्रीण म्हणाली. "तुला सांगायचा धीर झाला नाही."

तिने ते बापालाही सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर आशा दिसली, ती त्याने घाईघाईने झाकली. तरी तिने पाहिली. तेवढ्यानेच तिचं ठरलं.

"तरी मी जाणार," ती म्हणाली.

"कशावर?"

"ते तिथे गेल्यावर बघेन."

बाप अडवायला उठला नाही. "तेलाचे हात धुऊन घे मग," एवढंच म्हणाला.

शहरात मैत्रिणीच्या खोलीत तिने सतरंजीवर दिवस काढले. त्याच कारखान्यात तिला खोकी बांधायचं काम मिळालं. तपासणी खात्याच्या काचेपलीकडे बसलेल्या मुली रोज दिसायच्या. बाप आता फोन करतो. काय जेवलीस, थंडी आहे का, एवढंच विचारतो. फोन वाजला की ती जागच्या जागी ताठ होते, जणू मागच्या दारातून हाक आली. मग दोन-तीन वेळा वाजू देते, आणि उचलते.