आकाश ऐकत नाही

मित्रांनो, माझ्यावर तुम्ही कितीदा तरी बसला असाल, पण माझ्याकडे नीट कधी पाहिलं नसेल. सतरंजीकडे कोण पाहतं? मी घाटकोपरच्या टेकडीलगतच्या एका शाळेतली जुनी सतरंजी. एके काळी माझ्यावर लाल आणि निळे पट्टे ठळक दिसत. आता जवळून पाहिलं तरच कोणता लाल आणि कोणता निळा ते कळतं.

माझा जन्म सोलापूरच्या हातमागावरचा. तिथून मी गाठोड्यात बांधून या शाळेत आले, तेव्हा माझा केवढा मान होता! बक्षीस समारंभ असो, स्नेहसंमेलन असो, पहिल्या रांगेतले पाहुणे माझ्यावर बसत. ‘काय भक्कम सतरंजी आहे,’ असं म्हणून एका पाहुण्यांनी माझ्यावरून हात फिरवला होता. ते मी अजून विसरले नाही. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. माझी गुंडाळी झाली आणि मी जिन्याखाली, तुटक्या बाकांच्या मागे जाऊन पडले. एका मांजरीने माझ्यात पिल्लं घातली. माझा तेवढाच उपयोग उरला होता.

मला तिथून बाहेर काढलं वसुधाबाईंनी. मागे पडलेल्या मुलांचे जादा तास घ्यायचं काम त्यांच्याकडे नव्याने आलं होतं. तोवर जादा तास म्हणजे काय, तर सगळ्या कच्च्या मुलांना एका वर्गात कोंबायचं आणि सकाळचाच धडा पुन्हा शिकवायचा, फक्त जरा मोठ्या आवाजात. बाईंना ते पटेना. त्यांनी मला उन्हात टाकलं, काठीने चांगलं बदडलं आणि ग्रंथालयाच्या कोपऱ्यात पसरलं. मुलं अर्धगोलात बसणार आणि बाई समोर, त्यांच्याच पातळीवर, मांडी घालून.

पण मुलांना माझी लाज वाटायची. बाकीची मुलं दारातून डोकावून ओरडायची, “ए, सतरंजी गँग!” मला फार वाईट वाटायचं. ज्या सतरंजीवर पाहुणे बसायचे, तिच्यावर बसणं आता अपमानाचं झालं होतं.

या मुलांत पाचवीतला आकाश होता. सडपातळ, तरतरीत, बोलताना थोडा मोठ्याने बोलणारा. त्याच्याबद्दल शाळेत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, “आकाश ऐकत नाही.” शिपाईमामा तेच म्हणायचे, त्याचे वर्गशिक्षक मार्तंड सर तेच म्हणायचे आणि प्रगतिपुस्तकावरही तेच लिहिलेलं असायचं.

पण माझ्यावर बसला की आकाश वेगळाच असायचा. बाई बोलू लागल्या की त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवायचा नाही. श्रुतलेखन घातलं की भराभर लिहायचा. चुका व्हायच्या, पण विचित्रच. ‘बाप’ सांगितलं की ‘पाप’ लिहायचा, ‘माळ’ सांगितलं की ‘बाळ’. बाई लाल पेनाने गोल करत आणि कपाळाला आठ्या घालून त्या गोलांकडे बघत बसत.

आणि वर्गात? वर्गात त्याचं पान जवळजवळ कोरं असायचं. मार्तंड सर बाकांमधून फेऱ्या मारत शब्द सांगायचे. दोन-तीन शब्दांपुढे आकाशचं पेन जायचं नाही.

एकदा मार्तंड सर ग्रंथालयात आले. “बाई, तुमच्याकडे हा लिहितो कसा, ते मी सांगू का?” ते म्हणाले. “शेजारच्या तेजलचं बघून. कॉपी करतो तो. माझ्या वर्गात तिला लांब बसवलंय, म्हणून तिथे कोरा कागद.”

“मी बघते,” बाई एवढंच म्हणाल्या.

त्याच आठवड्यात आकाशचे वडील आले. त्यांचं नाव भीमराज. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचं काम करत. ते माझ्या काठाशी, चपला काढून, उभे राहिले. आकाश खिडकीपाशी पाठमोरा होता.

“बाई, दाखला द्या याचा,” ते म्हणाले. “गावाला भावाकडे पाठवतो, जालन्याला. माझा बाप म्हातारपणी सही करायला शिकला. मी दहावीपर्यंत रेटलं. मला वाटायचं, हा तरी पुढं जाईल. पण हा ऐकतच नाय. दहा हाका मारा, ढिम्म. लई मारलंय मी याला. उपयोग शून्य.”

बापाचं हे सगळं बोलणं चालू असताना आकाश खिडकीबाहेर निवांत बघत होता. त्याने एकदाही मान वळवली नाही. मला तेव्हा त्याचा रागच आला. किती निगरगट्ट मूल, असं वाटलं.

“मला थोडे दिवस द्या,” बाई म्हणाल्या. “शनिवारी या, मग ठरवू.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी जागा बदलल्या. तेजलला माझ्या एका टोकाला बसवलं आणि आकाशला दुसऱ्या. मध्ये पुस्तकांची खोकी ठेवली. दोघांना एकमेकांची वही दिसणं शक्यच नव्हतं. दारात मार्तंड सर हाताची घडी घालून उभे होते. श्रुतलेखन सुरू झालं.

मित्रांनो, आमच्या शाळेवरून विमानं फार खाली येतात. सांताक्रूझच्या विमानतळावर उतरायला निघालेली असतात. विमान आलं की आमच्याकडे सगळे बोलायचे थांबतात आणि ते गेलं की पुढचं वाक्य सुरू होतं. त्या दिवशी बाईंचं वाक्य तोंडातून निघालं आणि तेवढ्यात विमान आलं. त्यांनी ते तसंच पुरं केलं. काचा थरथरल्या. मी त्यांच्या पायाशीच अंथरलेली, पण मलाही एक अक्षर ऐकू आलं नाही.

विमान गेलं. तेजल म्हणाली, “बाई, परत सांगा ना. काय पण ऐकू नाय आलं.”

बाकीच्यांनीही वह्या कोऱ्याच धरल्या होत्या. आकाशने मात्र लिहून पेन खाली ठेवलं होतं. बाई उठून त्याच्याजवळ गेल्या. वहीत लिहिलं होतं, ‘बावशीने पाजी आणली.’

बाई म्हणाल्या होत्या, ‘मावशीने भाजी आणली.’

कुणीतरी वाचून हसलं. बाई हसल्या नाहीत. “हे तू कसं लिहिलंस?” असं त्यांनी विचारलं नाही. त्या जाऊन आपल्या जागी बसल्या, हातातलं पुस्तक तोंडासमोर धरलं आणि पुस्तकाआडून चांगल्या मोठ्याने म्हणाल्या, “आकाश, उभा राहा.”

सगळी मुलं आकाशकडे बघू लागली. आकाश पुस्तकाच्या मुखपृष्ठाकडे बघत राहिला.

मग बाईंनी पुस्तक खाली घेतलं. त्याच्याकडे पाहून नुसते ओठ हलवले. आवाज अजिबात काढला नाही. मी शपथेवर सांगते, खोलीत पंख्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पण आकाश लगेच उठला, कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला आणि बाईंच्या हातात दिला.

बाईंनी पाणी न पिताच पेला बाजूला ठेवला.

“आकाश,” त्या हळूहळू, तोंड नीट उघडून म्हणाल्या, “तू माझ्या ओठांकडे बघून ऐकतोस?”

आकाश गोंधळला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. “हो बाई,” तो म्हणाला. “म्हणजे सगळे तसंच ऐकतात ना?”

मार्तंड सर दारातून आत आले आणि इस्त्रीच्या पँटसकट धपकन माझ्यावर बसले. शाळेत इतकी वर्षं काढून ते पहिल्यांदाच माझ्यावर बसत होते. “मी फळ्याकडे तोंड करून बोलतो,” ते स्वतःशीच म्हणाले. “फेऱ्या मारत बोलतो. त्याच्या पाठीमागून.”

ऐकत नाही, ऐकत नाही, असं सगळेच म्हणत होते. तेच अगदी खरं होतं आणि ते कुणालाच समजलं नव्हतं.

शनिवारी भीमराज आले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. दुसरीत असताना आकाशला मोठा ताप आला होता, असं त्यांना आठवलं. तेव्हापासून हळूहळू कान गेले असावेत. भीमराज आपल्या उजव्या हाताकडे बघून म्हणाले, “कानाखालीच मारायचो बाई मी. ऐक म्हणून.”

त्यांनी दाखला मागितला नाही. सोमवारी कामावर रजा टाकून ते आकाशला घेऊन इस्पितळात गेले. मार्तंड सरही सोबत गेले. पुढे श्रवणयंत्र मिळायला बरेच महिने लागले आणि मिळाल्यावरही सगळं एकदम सोपं झालं नाही. पहिले काही दिवस बाक सरकल्याचा आवाजही आकाशला सोसवेना. तो यंत्र काढून खिशात टाकायचा. बाई रागावल्या नाहीत. आज थोडा वेळ, उद्या आणखी थोडा, असं करत त्यांनी ते अंगवळणी पाडलं. ‘मावशी’ आणि ‘भाजी’ तो आता बरोबर लिहितो. गणितात अजून अडखळतो.

एका आकाशवर हे थांबलं नाही. बाईंनी मुख्याध्यापकांना सांगून जादा तासाची रीतच बदलली. आधी प्रत्येक मुलाचं नक्की कुठे अडतंय ते शोधायचं, मग त्याला माझ्यावर कुणासोबत आणि कशासाठी बसवायचं ते ठरवायचं. त्यात आणखी धक्के बसले. आळशी म्हणून रोज बोलणी खाणारी एक मुलगी फळाच नीट वाचू शकत नव्हती. तिला अभ्यासाआधी चष्मा हवा होता.

आकाश आता माझ्यावर बसत नाही. तो वर्गात, पहिल्या बाकावर असतो. मला त्याची आठवण येते, पण दुःख होत नाही. माझ्यावर बसलेल्या प्रत्येक मुलाने एक दिवस उठून जावं, एवढ्यासाठीच तर मला इथे पसरलं आहे. मित्रांनो, मी झिजले आहे, माझ्या दशा सुटत चालल्या आहेत. त्याची काळजी करू नका. तुमच्या शेजारचं मूल मागे पडत असेल, तर त्याला ढ म्हणून मोकळे होऊ नका, एवढंच माझं मागणं आहे.

कालच चौथीतली एक नवी मुलगी आली. दप्तर छातीशी घट्ट धरून अंग चोरून बसली. वसुधाबाईंनी पुस्तक उघडलं नाही. तिच्यासमोर मांडी घालून त्यांनी विचारलं, “तुला नक्की कुठं अडतंय गं?”

आणि ती बोलेपर्यंत त्या थांबल्या.